बेळगावात नवीन आहे, चौदा वर्षांनी पुन्हा एअर रायफल हातात घ्यायची आहे

दुसरं_गेट (सोमवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर कुणी नीट सल्ला देऊ शकत नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही पुण्याहून बेळगावात आलो. नवऱ्याचं काम उद्यमबागेत, हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात. घर टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटपासून चालत चार मिनिटांवर. मी ४४ वर्षांची, मुलगी नववीत.

१९९९ ते २०११ मी दहा मीटर एअर रायफल खेळायचे. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला पॉइंट टू टू रायफल हातात आली, तिथून नाद लागला. सगळ्यात चांगला स्कोअर ४०० पैकी ३८८, २००९ साली बालेवाडीला. राज्यस्पर्धेच्या पुढे कधी गेले नाही, पण बारा वर्षं आठवड्यातले चार दिवस रेंजवर असायचे. मग २०११ ला मुलगी झाली आणि रायफल पेटीत गेली ती गेलीच. विकली मात्र नाही. त्यानंतर तीन घरं बदलली आणि तिन्ही वेळा ती पेटी मी स्वतः माळ्यावर चढवली.

१ ऑगस्ट २०२४ ला घरात निम्मी खोकी बांधलेलीच होती, टीव्ही तेवढा लावला होता. स्वप्नील कुसाळेची पॅरिस ऑलिम्पिकची फायनल. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. गुडघ्यावरचे शॉट झाले, झोपून झाले, तो उभा राहिला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. मध्येच लक्षात आलं की माझी कंबर डावीकडून पुढे गेली आहे, डावं कोपर बरोबर नितंबाच्या हाडावर टेकलं आहे आणि मी श्वास अर्ध्यावर थांबवला आहे. हातात उलथनं होतं. त्याला कांस्य मिळालं आणि मी रडले, पण कशासाठी रडले ते नवऱ्याला सांगता आलं नाही.

तरीही पेटी खाली यायला वर्ष गेलं. गेल्या महिन्यात मुलीनेच काढली. आतल्या फोमचा चुरा झालाय, हाताला चिकटतो. जॅकेटच्या बाह्यांवर पांढरी बुरशी. इथला पाऊस पुण्यासारखा नाही, जूनपासून आमच्या भिंतीच वाळल्या नाहीत. रायफल वॉल्थर एलजी ३००, २००८ साली क्लबातल्या एका सीनियरकडून घेतलेली, बिल माझ्याकडे नाही. बॅरल बाहेरून तरी स्वच्छ दिसते. छर्रा जिच्यातल्या दाबाच्या हवेने सुटतो त्या टाकीवर २००७ कोरलंय आणि दाबाचा काटा अजून ६०-७० बारच्या मध्ये आहे. नवरा म्हणतो, "आमच्या टेस्ट बेंचवर लावतो, पास झाली तर भरून देतो."

आता विचारायचं ते. इथे सराव कुठे करता येईल? शेजाऱ्यांना विचारलं तर सगळे कॅम्पाकडे, मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरकडे बोट दाखवतात, पण ते लष्कराचं झालं. एका ठिकाणी चौकशीला गेले. तिथल्या माणसाने माझ्याकडे न बघता मुलीपुढे फॉर्म ठेवला. "माझ्यासाठी हवाय" म्हटल्यावर म्हणाला, "मॅडम, आता या वयात काय मिळणार?" मी उत्तर न देता निघून आले. ते उत्तर न देणं अजून टोचतंय.

दुसरं, कायद्याचं. राज्य बदललं म्हणून पोलीस स्टेशनला काही कळवावं लागतं का? मला कन्नड येत नाही. परवा पेटी रिक्षातून उतरवताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "कीबोर्ड का?" आणि मी "हो" म्हणून गेले. मी चोरीचं काही आणलेलं नाही, मग खोटं का बोलले?

तिसरं, डोळे. वाचायला चष्मा लागलाय. मागच्या सायटमधून, म्हणजे नेम धरायच्या छिद्रातून, बघितलं तर पुढच्या सायटची रिंग पिंजल्यासारखी दिसते.

आणि शेवटचं. ३८८ वाली मी आता ३५० सुद्धा मारणार नाही हे मला कळतं. ते कागदावर बघायची भीती वाटते. कुणी इतक्या वर्षांनी परत आलं असेल तर पहिल्या दिवशी काय केलं, एवढं सांगा.

---

मागवाला (मंगळवार, सकाळी ६.१५)

ताई, मी वडगावचा. तुमच्याकडनं दहा मिनटं. बाकीचं मागनं बोलू, आधी टाकीचं ऐका.

ती टाकी भरू नका. अठरा वर्षं झाली की तिला. मॅच रायफलच्या टाक्यांना कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत घालून देतात, आणि स्पर्धेत मुदतीतली टाकी लावायची जबाबदारी खेळाडूची असते. तुमच्या मिस्टरांना सांगा, त्यांच्या कामाबद्दल मला आदरच आहे, माझा भाऊ उद्यमबागेत तीस वर्षं टर्नर होता. पण हायड्रॉलिकच्या बेंचवर तेल असतंय. टाकीत तेलाचा पातळ थर राहिला आणि वर २०० बार हवा दाबली तर आत पेट घेऊ शकतंय. आणखी एक, इथं गल्लोगल्ली वेल्डिंगचे सिलिंडर आहेत, म्हणून सांगून ठेवतो: ऑक्सिजन कधीही भरायचा नाही, कुणी कितीही सोपं म्हणून सांगू दे. फक्त हवा, ती पण कोरडी. पावसाळ्यात हातपंपानं भरायचं असलं तर ओल धरणारा फिल्टर लावल्याशिवाय भरू नये. आता जी हवा आत आहे ती सावकाश सोडून द्या. पेटीत त्याचा ॲडॉप्टर असणार, बघा. टाकी नवीन घ्या. महाग पडेल, पण दुसरा मार्ग नाही.

आता जागा. आमच्या घरामागं मागाची शेड आहे. चार पॉवरलूम होते, शेवटचे दोन २०१६ ला भंगारात गेले. शहापुरी साड्या आजोबांनी विणल्या, बाबांनी विणल्या, माझ्यापर्यंत येऊन थांबलं. शेड रिकामी बघवेना. साडेतेरा मीटर लांब आहे म्हंटल्यावर पुतण्यानं आणि मी मिळून दोन लेन काढल्या. टार्गेट जमिनीपासून १.४ मीटरवर, मागं तिरका बसवलेला पोलादी पत्रा, त्याखाली छर्रे पडायला पेटी, आणि त्याच्याही मागं दगडी भिंत. बाजूचं दार आतनं कडी लावूनच मारायचं, हा नियम. फी नाही, बोर्ड नाही, क्लब नाही. रविवारी सकाळी आम्ही चौघं-पाचजण असतो. पुतण्याची पण एलजी ३०० च आहे, टाकी २०१९ ची. तो सध्या बाहेरगावी आहे. तुम्ही त्या रायफलवर हात बसवून बघा आधी. व्यक्तिगत निरोप धाडतो, पत्ता त्यात.

मुलीला घेऊन या. आमच्या घरात बायका आहेत, संकोच नको.

---

दुधाळी_दहा (मंगळवार, दुपारी १.०५)

बेळगावकरांनी टाकीचं बरोबर सांगितलं. मी कोल्हापूरची, पोरांना एअर रायफल शिकवते.

ताई, एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही असं दिसतंय, म्हणून आधी तीच. तुम्ही जी मॅच सोडून गेलात ती आता राहिलेलीच नाही. तुमच्या वेळी बायकांना ४० शॉट होते आणि सव्वा तास. २०१८ पासून बायकांनाही पुरुषांसारखे ६० शॉट, आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर वेळ तेवढाच, सव्वा तास. शिवाय रायफलला आता दशांशात मोजतात. दहा म्हणजे दहा नाही, १०.० पासून १०.९ पर्यंत. पूर्ण स्कोअर ६५४. तेव्हा तुमचं ३८८ घेऊन तुम्ही आजच्या कागदाशी भांडणार कशा? दोन्हीचं मापच वेगळं. ते जुनं कार्ड जपून ठेवा आणि हे नवं खातं शून्यापासून उघडा.

कायद्याचं सांगते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर (नळीचं छिद्र) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, आणि हा नियम केंद्राचा आहे, राज्य बदललं म्हणून बदलत नाही. मॅच रायफलचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास जातो, हिशोब केला तर सव्वासात ज्यूलच्या आसपास होतात. म्हणजे तुम्ही मर्यादेच्या खूप आत आहात. पण बिल नाही ही उणीव भरून काढा. त्या सीनियरकडून साध्या कागदावर लिहून घ्या की अमुक नंबरची रायफल अमुक साली दिली, खाली सही. रायफलवरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा. कोल्हापूरला येणं झालं आणि सीमेवर कोगनोळीला कुणी गाडी तपासली तर तो कागद आणि नियमाची प्रत पुढे करायची. रायफल कुलूपबंद पेटीत, टाकी काढून वेगळी, छर्रे वेगळे. आणि घरात नववीतली मुलगी आहे, तिच्या मैत्रिणी येत असणार. पेटीला कुलूप हवंच, ती कितीही समजूतदार असली तरी.

स्पर्धेचं मनात आलंच तर राहता त्या राज्याच्या रायफल असोसिएशनकडून जायचं, म्हणजे तुम्ही कर्नाटक. तिथून गेलात तर तुमचा झोन दक्षिण, आम्ही पश्चिम. जुन्या राज्याकडे नोंदणी होती, तर बदलाचं आधी दोन्हीकडे विचारून घ्या. आणि कन्नड येत नाही म्हणून अडून बसू नका हो. रेंजवर बोलणं असतं किती? आपल्या राष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर होते, लोकसभेचे पहिले सभापती. मूळ कोकणातलं घराणं, जन्म बडोद्याचा, राजकारण अहमदाबादेत. हा खेळ पहिल्यापासून एका भाषेत मावलेला नाही.

घरच्या सरावाचं एक देते. दहा मीटर जागा नसते, पण चार मीटर बहुतेक घरांत निघते. रायफल टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिलिमीटर असतो. चार मीटरवर तो १२.२ चा छापा, भिंतीवर लावा, आणि छर्रा न घालता नुसता होल्ड धरा, म्हणजे नेम स्थिर ठेवा. एलजी ३०० ला ड्राय फायरची सोय आहे, ट्रिगरही दाबता येतो. स्प्रिंगवाली एअरगन असती तर हे सांगितलं नसतं, रिकामी मारली की पिस्टन जाऊन आपटतो. पहिला महिना एवढंच, रोज वीस मिनिटं. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली. चौदा वर्षांनी साडेचार-पाच किलो वजन अंगावर घेताय. कंबरेला आधी सवय होऊ द्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी डॉक्टर.

---

जांबोटी_रोड (मंगळवार, संध्याकाळी ७.३०)

इथं माहितगार दिसतात म्हणून विचारतो. आमचं शेत खानापूर तालुक्यात जंगलाला लागून. डुकरं भात लोळवून जातात, माकडं केळी ठेवत नाहीत. बिनपरवान्याची ही एअरगन घेतली तर चालेल का? मारायचं नाही, हुसकावायचं.

---

मागवाला (मंगळवार, रात्री ८.१०)

दादा, नुकसान खरं आहे, मी बघितलंय. पण नको. ४.५ चा छर्रा डुकराला मारतही नाही आणि हुसकावतही नाही, जखमी करतोय. ते जखमी जनावर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी बांधावर माणसावर येतंय. माकडाच्या डोळ्यात बसला तर ते महिनाभर तडफडून मरतंय. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात जखमी करणं पण शिकारीतच धरतात. पिकाचे पंचनामे करून वनखात्याकडं अर्ज घाला, उशिरा का होईना भरपाईचा मार्ग तोच. रायफल फक्त कागदावर मारायची, तेवढी एकच गोष्ट मी माझ्या शेडीत येणाऱ्याकडनं कबूल करून घेतोय.

---

निपाणी_नेत्र (बुधवार, रात्री ९.२०)

डोळ्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. चष्मे करणं हा माझा धंदा आणि एअर पिस्तूल हा छंद.

ताई, तुमची रिंग पिंजलेली दिसते कारण ती डोळ्यापासून साधारण मीटरभर अंतरावर आहे. वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतराचा, तिथे उपयोगाचा नाही. दूरचा चष्मा लावला तर टार्गेट स्पष्ट आणि रिंग पुसट. चाळिशीनंतर डोळ्याचं भिंग या दोन्हींमध्ये धावायला नकार देतं. उपाय सोपा आहे. दूरचा जो नंबर असेल त्यात अर्धा प्लस वाढवायचा. दूरचा शून्य असेल तर नुसता प्लस अर्धा. पिस्तुलाला सायट हातभर अंतरावर येते म्हणून मी पाऊण घालतो. एवढ्यात रिंग कडक दिसते आणि टार्गेट थोडं मऊ, पण गोल राहतं. गोल आहे तोवर पुरे.

प्रोग्रेसिव्ह काचेतून (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर) मारू नका. रायफलला गाल टेकवला की आपण नेहमीच्या चष्म्याच्या नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून बघतो, तिथे काचेचा नंबर भलताच लागतो. शूटिंगच्या फ्रेमची एकच गोल काच फिरवून नजरेच्या बरोबर समोर आणता येते, खर्च त्यासाठी करा. मागच्या सायटचं छिद्र कमी-जास्त करणारी आयरिस असेल तर जरा बारीक करून बघा, आणि पुढची रिंग पूर्वीपेक्षा एक माप मोठी घ्या. डाव्या डोळ्यासमोर पट्टी लावा, तीन सेंटिमीटरपेक्षा रुंद नको, नियमात बसत नाही. डोळा मिटून धरू नका, मिटलेला डोळा उघड्यालाही थकवतो.

नंबर काढायला जाताना पेटीतून पुढची सायट वेगळी काढून न्या आणि डॉक्टरांना टेपने अंतर मोजून दाखवा. नुसतं "नेमबाजी करते" म्हटलं तर ते दूरचाच नंबर देतील. आणि डोळ्यांचा पडदा, दाब एकदा तपासून घ्या. चव्वेचाळीसला ते तसंही करायला हवं.

---

दुसरं_गेट (गुरुवार, रात्री ११.१५)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. कालपासून हे पान दहा वेळा उघडून वाचलं.

टाकीतली हवा सोडली. नवऱ्याला मागवाला काकांचं लिहिलेलं वाचून दाखवलं. तो दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला, "तेलाचं माझ्या डोक्यात यायला हवं होतं." टाकी आता त्याने गॅरेजमध्ये खिळ्याला टांगली आहे, तोंड उघडं ठेवून, वर लाल रंगाने फुली. सीनियरला फोन केला. तो आता परदेशात असतो, कागद सही करून स्कॅन पाठवतो म्हणाला. रायफल अजून आहे हे ऐकून त्यालाच भरून आलं.

जॅकेटची बुरशी कोरड्या ब्रशने काढून पंख्याखाली वाळत टाकलंय. ते आता पुढून बसत नाही. बटणं सरकवता येतील असं वाटतं, त्याचं दुधाळीताई सांगतीलच.

आणि शेजारच्या काकूंकडे गेले. म्हटलं, काकू, त्या दिवशी मी खोटं बोलले, पेटीत कीबोर्ड नाही, खेळायची रायफल आहे, कागदावर मारायची. त्या आत गेल्या आणि खायला कुंदा घेऊन आल्या. म्हणाल्या, त्यांचे वडील मराठा रेजिमेंटला होते, लहानपणी त्यांना हवं होतं तरी बंदुकीला हात लावू देत नव्हते. त्यांना एकदा नुसती धरून बघायची आहे. मी काय सांगू?

भिंतीवर १२.२ चा गोल लावलाय, हॉलपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत बरोबर चार मीटर होतात. पहिल्या रात्री सहा सेकंदांत हात थरथरला.

---

दुधाळी_दहा (शुक्रवार, सकाळी ८.००)

जॅकेटची बटणं सरकवा, हरकत नाही. फक्त घट्ट नको, पुढचे पदर ओढले तर बटण लागतं त्याच्याही पुढे निदान सात सेंटिमीटर एकमेकांवर यायला हवेत असा नियम आहे. कापड एकेरी अडीच मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. जुनं जॅकेट फुगलं असेल तर मोजून घ्या. पण हे सगळं स्पर्धेला. रविवारी शेडीत जाताना साध्या स्वेटरवर गेलात तरी चालेल.

काकूंना धरू द्या. टाकी काढलेली, बोल्ट उघडा, बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग (रिकामी असल्याची खूण म्हणून घालायची रंगीत दोरी), तोंड भिंतीकडे. हे चार बघा आणि खुशाल द्या.

---

दुसरं_गेट (रविवार, दुपारी ३.३०)

आज जाऊन आले.

काकांचं घर लगेच सापडलं. शेडीत शिरल्यावर आधी तेलाचा जुना वास येतो, मागांचा असावा. जमिनीवर चार ठिकाणी माग रोवल्याचे चौकोन अजून दिसतात. डावी लेन दोन चौकोनांच्या मधून जाते. माझी मुलगी आणि काकांची सून मागे बाकावर बसल्या, कानाला मफलर लावून. एअर रायफलला आवाज तो किती, पण पत्र्यावर छर्रा आपटतो तो टणत्कार बंद शेडीत घुमतो.

काकांनी आधी नियम वाचून दाखवले. वयाने एवढा मोठा माणूस, समोर आम्ही तिघं, तरी पूर्ण पान वाचलं. बंदूक नेहमी टार्गेटच्या दिशेने. "थांबा" म्हटलं की बोट बाहेर, बोल्ट उघडा. छर्रे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय चहाला शिवायचं नाही. फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, शिशाची धूळ उडते म्हणून. ते फडकं वेगळ्या बादलीत ठेवतात.

पहिली पंधरा मिनिटं छर्र्याशिवाय. मग त्यांनी नवं कार्ड लावलं आणि म्हणाले, "दहाच मारा. अकरावा मागितला तरी देणार नाही." चष्मा अजून तयार नाही. एका जुन्या फ्रेमला अर्ध्या प्लसची काच तात्पुरती चिकटवून नेली होती. रिंग दिसली. कडा धरून दिसली. नुसती ती बघतच मी पहिला शॉट वाया घालवला असेन.

७, ८, ६, ९, ८, ८, ९, ७.

आठव्यानंतर हात सैल झाला होता. नववा छर्रा घातला, उचलली, गाल टेकवला, गोल रिंगेत आला, थोडा उजवीकडे लोंबकळला, परत आला. बोट ट्रिगरच्या पहिल्या टप्प्यावर होतं. मारला असता तर आठ मिळाला असता, कदाचित नऊ. पण आतून स्पष्ट "नाही" आलं आणि मी रायफल खाली घेतली. दोन श्वास घेतले. भिंतीवर मागाच्या पट्ट्याने घासून झालेला एक काळा डाग आहे, त्याच्याकडे बघत राहिले. चौदा वर्षांत मी एकही गोष्ट अशी अर्ध्यावर खाली ठेवली नव्हती. डबा, बस, ऑफिस, ताप, परीक्षा, सगळं जमेल तसं उरकत गेले. आज हातात आलेला शॉट मी मारला नाही, आणि कुणीही मागून घाई केली नाही.

मग पुन्हा उचलली. ९. शेवटचा १०, ठिपका पूर्ण गेलेला.

८१ झाले. पूर्वी दहाच्या सिरीजला मी ९७ मारायचे. कार्ड मुलीने मागून घेतलं आणि भिंगाने बघत बसली होती. परतताना गाडीत तिने विचारलं, "आई, नवव्याच्या आधी तू खाली का घेतलीस?" कळलं होतं तिला. तिला घरी जाऊन चार मीटरच्या गोलासमोर उभं करून दाखवणार आहे, सांगून येणार नाही ते.

काका, तुमच्या सूनबाईंनी दिलेली लोणच्याची बरणी रिकामी करून आणते. पुढच्या रविवारी सातला पोहोचते, शेजारच्या काकूही येणार आहेत. तुमच्याकडची कार्डं संपत आली आहेत असं दिसलं, कोल्हापूरहून दोनशेचा गठ्ठा मागवलाय, तो बरोबर आणते.